धागा: शेड्यूल तगडं असेल तर हार माफ करायची का? (अमेरिकन कॉलेज फुटबॉल रँकिंग)

ऑस्टिनकर

मंडळी, शनिवारच्या गेमच्या धाग्यावर हा विषय निघाला की सगळे हमरीतुमरीवर येतात, म्हणून वेगळा धागा काढतोय.

२०२५ च्या सीझनला आमची टेक्सास ९-३ (नऊ विजय, तीन हारी). प्लेऑफच्या (सीझनअखेरच्या बाद फेरीच्या) १२ टीममधून बाहेर. पहिलाच गेम कोलंबसला, ओहायो स्टेटच्या घरी, आणि १४-७ ने हरलो. कोच सार्किसियन नंतर जे बोलले ते मला शंभर टक्के पटतं. तो गेम घेतलाच नसता, घरी एखाद्या लिंबूटिंबू टीमला बोलावून धुतलं असतं, तर १०-२ झालो असतो. आणि १०-२ वाली मायामी आत गेली, १०-२ वाली ओक्लाहोमा गेली. ओक्लाहोमाला तर आम्ही हरवलं होतं!

मग तगड्या टीमशी खेळायचंच कशाला? प्लेऑफच्या टीम निवडणाऱ्या कमिटीचे १३ जण म्हणतात की आम्ही शेड्यूल बघतो. बघतात म्हणजे नक्की काय करतात? हारजीत किती मोजायची आणि समोर कोण होतं ते किती मोजायचं, यावर जरा शांतपणे बोलूया.

हूजर_हरी

> तो गेम घेतलाच नसता तर १०-२ झालो असतो

ऑस्टिनकर, ओहायो स्टेटच्या आड लपू नका हो. तुम्ही फ्लोरिडाकडून हरलात, २९-२१. ती फ्लोरिडा सीझनअखेर ४-८ होती. केंटकी आणि मिसिसिपी स्टेटशी ओव्हरटाइमपर्यंत रडतखडत गेलात. जॉर्जियाने ३५-१० ने झोपवलं. कोलंबसची हार कोणीच तुमच्या नावावर मांडली नाही. गेन्सव्हिलची (फ्लोरिडाच्या घरची) मांडली, आणि ती मांडायलाच हवी होती.

ऑस्टिनकर

हरी, तुमची इंडियाना २०२५ ला आपल्या कॉन्फरन्सच्या (टीमच्या गटाच्या) बाहेर कोणाशी खेळली ते पण सांगा की जरा. ओल्ड डोमिनियन, केनेसॉ स्टेट, इंडियाना स्टेट. वा वा.

हूजर_हरी

सांगतो ना. आनंदाने सांगतो. :)

२०२४ ला आम्ही ११-१ होतो. एकच हार, ओहायो स्टेटकडून, ३८-१५. तेव्हा सगळा दक्षिण भाग बोंबलत होता की यांनी कोणालाच हरवलं नाही, यांची जागा अलाबामाला द्या. प्लेऑफला साउथ बेंडला नोटर डेमकडून २७-१७ ने हरलो, तर "बघा, सांगितलं होतं ना" सुरू.

२०२५ ला बिग टेनच्या (आमच्या कॉन्फरन्सच्या) बाहेरचं शेड्यूल तितकंच पातळ. वर्जिनियाशी ठरलेले पुढचे गेमही आम्ही रद्द करून टाकले. आमचे कोच सिग्नेटी यांना विचारलं तर म्हणाले, आम्ही एसईसीचंच (टेक्सास, अलाबामा यांच्या कॉन्फरन्सचंच) धोरण उचललंय. मग काय झालं? बिग टेनच्या फायनलला ओहायो स्टेटला १३-१०, रोझ बोलला (बोल म्हणजे सीझननंतरचा मोठा गेम) अलाबामाला ३८-३, पुढे ओरेगॉनला ५६-२२, आणि शेवटी मायामीला मायामीच्याच स्टेडियममध्ये २७-२१. सोळा गेम, सोळा विजय.

लिंबूटिंबूंशी खेळलेली टीम लिंबूटिंबूच असते हे गृहीतकच चुकीचं आहे, एवढंच माझं म्हणणं.

सेमिनोल_सदू

आलात का सगळे? मग आमचंही गाऱ्हाणं ऐका.

फ्लोरिडा स्टेट, २०२३. १३-०. एसीसी या कॉन्फरन्सची चॅम्पियन. एलएसयूला ४५-२४, क्लेमसनला त्यांच्या घरी, फ्लोरिडाला त्यांच्या घरी. क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) जॉर्डन ट्रॅव्हिसचा पाय मोडला, तरी पुढचे दोन्ही गेम जिंकलो. तेव्हाच्या चार टीमच्या प्लेऑफमध्ये कोण? मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सास, आणि एक हार असलेली अलाबामा. मोठ्या कॉन्फरन्सची न हरलेली चॅम्पियन प्लेऑफबाहेर ठेवायची ही पहिलीच वेळ.

आणि त्या वर्षी एक नंबरवर बसवलेल्या मिशिगनने कॉन्फरन्सबाहेर कोणाला हरवलं होतं? ईस्ट कॅरोलायना, यूएनएलव्ही, बोलिंग ग्रीन. म्हणजे शेड्यूल बघायचं ते फक्त नावडतीचं.

ऑस्टिनकर

सदू, मग ऑरेंज बोलला जॉर्जियाने ६३-३ केलं त्याचं काय?

सेमिनोल_सदू

निम्मी टीम खेळायलाच नव्हती. डझनावारी पोरं प्रोच्या तयारीला किंवा दुसऱ्या कॉलेजकडे निघून गेली होती. त्या गेमवरून डिसेंबरचा निर्णय बरोबर ठरवणं म्हणजे वरातीमागून घोडं. आणि २०२५ ला अलाबामाचा पहिलाच गेम आमच्याशी होता, ३१-१७ ने आम्ही जिंकलो. आम्ही त्या वर्षी ५-७! तरी अलाबामा १०-३ वर आत. यापेक्षा जास्त काय बोलू.

नवखा_नाना

नमस्कार. मी पुण्याहून वाचतोय, मुलगा यंदा पर्ड्यूला गेलाय म्हणून हे सगळं शिकतोय. भाबडा प्रश्न आहे, हसू नका. सगळ्यांना सगळ्यांशी खेळवून गुणतक्ता का काढत नाहीत? वादच मिटेल.

मुक्ता_टी

नाना, वरच्या विभागात २०२५ ला १३६ टीम होत्या आणि प्रत्येकीला सीझनला गेम मिळतात १२. सगळ्यांशी खेळायचं तर १३५ लागतील, पोरांची हाडं शिल्लक राहणार नाहीत. त्यातले आठ-नऊ गेम आपापल्या कॉन्फरन्समध्येच जातात. उरले तीन-चार. त्यातही एक-दोन पैसे देऊन बोलावलेल्या छोट्या कॉलेजशी. म्हणजे ओरेगॉन आणि जॉर्जिया यांची तुलना करायला कधीकधी थेट धागा एकही नसतो. सगळं भांडण तिथून सुरू होतं.

(आणि पर्ड्यू म्हणजे... मुलाला बास्केटबॉल आवडतं ना? मग काळजी नाही.)

गोदाकाठ

माझं मत एकदम सोपं आहे. आपल्याकडे सीईटीला काय करतात? वेगवेगळ्या शिफ्टचे पेपर, कोणाला सोपा येतो कोणाला अवघड. म्हणून त्या त्या शिफ्टमध्ये पर्सेंटाइल काढतात आणि मग सगळे एका यादीत. इथेही तेच करा. प्रत्येक कॉन्फरन्सचा पहिला म्हणजे पहिला. विषय संपला.

आकडेमोड

गोदाकाठ, उदाहरण छान दिलंत, पण तेच उलटं फिरवतो. सीईटीचं पर्सेंटाइल चालतं कारण कोणता मुलगा कोणत्या शिफ्टला बसणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं. त्यामुळे सकाळच्या आणि दुपारच्या शिफ्टमधली हजारो मुलं साधारण सारख्याच दर्जाची असतात असं धरता येतं. एसईसी आणि मिड-अमेरिकन कॉन्फरन्समध्ये टीम चिठ्ठ्या टाकून गेलेल्या नाहीत. शंभर वर्षांचा इतिहास, टीव्हीचा पैसा, भरतीचा प्रदेश, यावरून त्या गटात गेल्यात. त्यामुळे गटातला पहिला नंबर दोन्हीकडे सारखा, हे गणितात बसत नाही. थेट जागा चॅम्पियनला द्यायची असेल तर जरूर द्या, ते धोरण झालं. ते रँकिंग नव्हे.

आता मूळ प्रश्न. इथे दोन वेगळी मापं एकत्र कालवली जातायत. "या टीमने काय कमावलं" हे एक, आणि "उद्या खेळले तर कोण जिंकेल" हे दुसरं. सदूंच्या फ्लोरिडा स्टेटला पहिल्या मापाने आत जायला हवं होतं, कमिटीने ऐन वेळी दुसरं माप काढलं. मी पहिल्या मापाचा माणूस आहे. आणि त्या मापात शेड्यूल कसं बसवायचं याचं उत्तर सरासरी काढून मिळत नाही.

एक हिशेब करून बघा. आकडे मी समजायला घेतलेत.

टीम क: बारा मधल्या फळीतले प्रतिस्पर्धी. चांगल्या टीमला प्रत्येकाविरुद्ध जिंकायची शक्यता ९५ टक्के.
टीम ख: तीन जबरदस्त प्रतिस्पर्धी, तिथे शक्यता ५० टक्के. बाकी नऊ एकदम कच्चे, तिथे ९९ टक्के.

क च्या शेड्यूलवर १२-० व्हायची शक्यता ०.९५ चा बारावा घात, म्हणजे साधारण ५४ टक्के. ख च्या शेड्यूलवर १२-० व्हायची शक्यता फक्त ११ टक्के. ११-१ किंवा त्याहून चांगलं व्हायची शक्यता ४७ टक्के. म्हणजे ख वर ११-१ करणं हे क वर १२-० करण्यापेक्षा किंचित अवघडच आहे. एक हार पूर्ण माफ!

पण पुढे जा. ख वर १०-२ किंवा त्याहून चांगलं व्हायची शक्यता ८४ टक्के. म्हणजे कोणतीही चांगली टीम ते बहुतेक वेळा करेल. दुसरी हार माफ नाही. तिसरीचं तर नावच नको.

ऑस्टिनकर, तुम्हाला उद्देशून नाही हां. ;)

ऑस्टिनकर

नाही नाही, अजिबात नाही.

पण यात एक गोम आहे. समोरची टीम "जबरदस्त" आहे हे कोण ठरवतं? तिचं रेटिंग तिच्या शेड्यूलवरून, त्या शेड्यूलमधल्या टीमचं रेटिंग पुन्हा त्यांच्या. हे म्हणजे शेपूट तोंडात धरलेला साप झाला.

आकडेमोड

तो साप सुटतो, कारण सगळी समीकरणं एकदम सोडवता येतात. बीसीएसच्या (प्लेऑफच्या आधीची, सूत्राने दोन फायनलिस्ट निवडणारी पद्धत) काळात ज्या सहा कॉम्प्युटर रेटिंग होत्या त्यात कॉली यांचं रेटिंग सगळ्यात उघड होतं, कोणीही घरी बसून ताडून पाहावं असं. सूत्र असं:

रेटिंग = (१ + परिणामी विजय) ÷ (२ + गेम)
परिणामी विजय = (विजय − हार) ÷ २ + सगळ्या प्रतिस्पर्ध्यांच्या रेटिंगची बेरीज

सुरुवातीला सगळ्यांना अर्धा. ऑगस्टमध्ये कोण कितव्या नंबरावर होतं याचा संबंध नाही, किती गुणांनी जिंकलात याचाही नाही. आता १०-२ घ्या, प्रतिस्पर्ध्यांची सरासरी ०.६५. परिणामी विजय ४ + ७.८ = ११.८. हेच ११.८ यायला १२-० वाल्या टीमच्या प्रतिस्पर्ध्यांची सरासरी ०.४८३ पुरते. म्हणजे एका हारेची किंमत प्रतिस्पर्ध्यांच्या सरासरीत साधारण ०.०८३ ची. पटो न पटो, किंमत डोळ्यांसमोर आहे. कमिटीच्या खोलीत ती किंमत दर मंगळवारी बदलते, माझा राग त्यावर आहे.

यात मी वर म्हटलं तो सरासरीचा दोष आहेच. शिवाय घरचं मैदान मोजलेलं नाही.

मुक्ता_टी

कॉलीचं नाव काढलंत म्हणून आठवलं. २०१७ ची यूसीएफ (सेंट्रल फ्लोरिडा, छोट्या कॉन्फरन्समधली)! १२-०, कमिटीने बारावा नंबर दिला, कारण काय तर शेड्यूल. मग पीच बोलला ऑबर्नला ३४-२७ ने हरवलं, आणि त्या ऑबर्नने त्याच वर्षी जॉर्जिया आणि अलाबामा दोघांना हरवलं होतं. राष्ट्रीय फायनल खेळले ते हेच दोघे! सीझनअखेर कॉलीच्या यादीत यूसीएफ पहिली आली, आणि एनसीएएच्या (कॉलेज खेळांच्या संस्थेच्या) रेकॉर्ड बुकात त्याची नोंदही आहे. म्हणजे शेड्यूल मोजणाऱ्या सूत्राने वर ठेवलं आणि शेड्यूलचं कारण सांगणाऱ्या माणसांनी खाली.

छोट्या टीमचं दुखणं ऑस्टिनकरांच्या अगदी उलट आहे. त्यांना तगड्यांशी खेळायचं असतं, पण तगडे दारात उभं करत नाहीत. उभं केलं तरी स्वतःच्या घरी, चेक देऊन, आणि परतीचा गेम नाही. ॲपालाचियन स्टेटला २०२२ मध्ये टेक्सास ए अँड एमने १५ लाख डॉलर देऊन बोलावलं आणि १७-१४ ने हार विकत घेतली. पुढच्या वेळी कोण बोलावेल त्यांना? मग डिसेंबरमध्ये त्यांनाच विचारायचं, तुम्ही कोणाला हरवलंत?

गोदाकाठ

हार विकत घेतली, हाहा. पण मग पूर्वी बीसीएसमध्ये हे सगळं गणितात होतं ना? ते का मोडलं?

बर्कलीवाले_काका

मी इथे तेव्हापासून आहे, सांगतो. १९९८ ला बीसीएस सुरू झालं तेव्हा सूत्रात चार गोष्टी होत्या. पोल (पत्रकार आणि कोच यांचं मतदान), कॉम्प्युटर, शेड्यूलची ताकद आणि हार. शेड्यूलचा हिशेब दोन तृतीयांश प्रतिस्पर्ध्यांच्या हारजितीवर, एक तृतीयांश त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या. त्यातून जो क्रमांक येईल त्याला २५ ने भागायचं. एका हारेचा एक गुण (गुण जितके कमी तितकं चांगलं). म्हणजे शेड्यूलच्या यादीत २५ जागा खाली असाल तर एक गेम हरल्यासारखंच. कोणी ठरवलं २५? देव जाणे.

आणि गंमत म्हणजे कॉम्प्युटर रेटिंगमध्ये शेड्यूल आधीच मुरलेलं होतं. म्हणजे तेच मीठ दोनदा.

२००३ ला ते अंगाशी आलं. यूएससी दोन्ही पोलमध्ये एक नंबर, तरी फायनलच्या बाहेर. आत गेली ओक्लाहोमा, जी आपल्याच कॉन्फरन्सच्या फायनलला कॅन्सस स्टेटकडून ३५-७ ने मार खाऊन आली होती. एलएसयूने त्यांना २१-१४ ने हरवलं, यूएससीने रोझ बोल जिंकला, आणि दोन दोन चॅम्पियन झाले. त्यानंतर २००४ ला शेड्यूलचा वेगळा रकाना काढूनच टाकला.

त्याच वर्षी ऑबर्न न हरता बाहेर राहिली, कारण त्यांच्या यादीत लुइझियाना-मन्रो आणि खालच्या विभागातली सिटाडेल! रकाना काढला तरी लोकांच्या डोक्यातून शेड्यूल गेलं नव्हतं.

सेमिनोल_सदू

काका, तेव्हाचे कॉम्प्युटर तरी कुठे धड होते. २०१० ला कॉलीच्या गणितात खालच्या विभागातल्या एका गेमचा निकाल भरायचा राहिला, आणि त्यामुळे एलएसयू आणि बॉइझी स्टेट यांची दहावी-अकरावी जागा उलटी लागली. ॲपालाचियन स्टेट आणि वेस्टर्न इलिनॉय यांचा गेम. या दोघींचा त्याच्याशी काय संबंध, सांगा!

आकडेमोड

सदू, हा तर माझ्या बाजूचा पुरावा झाला. चूक सापडली कारण सूत्र उघड होतं, बाहेरच्या माणसाने ताडून पाहिलं आणि दुरुस्ती झाली. २०२३ ला तुमच्यावर जो अन्याय झाला असं तुम्ही म्हणता तो कुठल्या ओळीत दुरुस्त करणार?

हूजर_हरी

बरोबर. बाकी ऑगस्ट २०२५ ला कमिटीने स्वतःच दोन गोष्टी बदलल्यात, लोक विसरतात. शेड्यूलच्या मापात तगड्या टीमविरुद्धच्या गेमला जास्त वजन. आणि "रेकॉर्डची ताकद" नावाचं नवं माप, ज्यात तगड्याकडून हरलं तर कमी शिक्षा, कच्च्याकडून हरलं तर जबर, आणि कच्च्याला हरवलं तर जवळपास काहीच नाही. म्हणजे आकडेमोड म्हणतायत त्याच दिशेने. फक्त सूत्र छापत नाहीत, आणि शेवटी हात वर करून मतदानच.

ऑस्टिनकर

> तगड्याकडून हरलं तर कमी शिक्षा

मग नोटर डेमला विचारा. मायामीकडून २७-२४, टेक्सास ए अँड एमकडून ४१-४०. दोन्ही मिळून चार गुणांनी हरले, दोन्ही टीम प्लेऑफच्या, आणि पुढचे दहाच्या दहा जिंकले. तरी बाहेर. इतके भडकले की बोल गेमच नाकारला.

मुक्ता_टी

नोटर डेमच्या बाबतीत मी कमिटीच्या बाजूने आहे. दोघी १०-२, आणि मैदानावर मायामी जिंकलेली. समोरासमोरचा निकाल असताना शेड्यूलचा काथ्याकूट कशाला? माझा आक्षेप उशिराचा आहे. आठवडेच्या आठवडे नोटर डेमला मायामीच्या वर ठेवलं, आणि शेवटच्या रविवारी अचानक ऑगस्टमधला गेम आठवला.

बीवायूचं कोणी नाव घेत नाही. ११-२, दोन्ही हारी टेक्सास टेककडून. त्यातली दुसरी हार कॉन्फरन्स फायनलला पोचल्याची शिक्षा. अलाबामा पण फायनलला हरली, जॉर्जियाकडून २८-७, ती मात्र जागची हलली नाही.

बर्कलीवाले_काका

यात कॉन्फरन्सचं बंद पेटीचं गणित पण बघा. एसईसीत १६ टीम. आपसात खेळल्या की एकीचा विजय म्हणजे दुसरीची हार, पेटीतली बेरीज शून्यच. पेटीची उंची ठरते ती फक्त बाहेरच्या गेमवरून, आणि ते जास्त करून सप्टेंबरमध्ये, अर्धी टीम नवीन असताना. त्या मूठभर निकालांवर नोव्हेंबरपर्यंत सगळे म्हणत राहतात, "चांगल्या टीमकडून हरले." त्यात ऑगस्टचा पोल म्हणजे निव्वळ अंदाज. म्हणून मला वाटतं की बाहेरचे मोठे गेम कमी झाले तर सगळीच सूत्रं आंधळी होतात, कॉलीचंही आणि कमिटीचंही.

आकडेमोड

काका, अगदी. आणि म्हणून हरींच्या इंडियानाबद्दल मी असं म्हणेन: २०२४ ला ती टीम वाईट आहे असं शेड्यूल सांगत नव्हतं. शेड्यूल एवढंच सांगत होतं की आम्हाला नीट माहीत नाही. या दोन वाक्यांत फार फरक आहे. कच्च्या शेड्यूलबद्दल गुण कापायचे नाहीत, खात्री कमी धरायची. बारा टीमच्या प्लेऑफचा उपयोगच तो आहे की अशा एक-दोघींना मैदानावर तपासता येतं. चार होत्या तेव्हा ती सोय नव्हती.

सेमिनोल_सदू

टुलेन आणि जेम्स मॅडिसनला पण तपासलं की २०२५ ला. ४१-१० आणि ५१-३४.

मुक्ता_टी

सदू, तुम्ही ६३-३ वाले.

सेमिनोल_सदू

🙏

ऑस्टिनकर

माझा मूळ प्रश्न अजून लोंबकळतोय. आमच्या ॲथलेटिक डायरेक्टरने उद्या काय करावं? २०२६ पासून एसईसीत आठऐवजी नऊ गेम. त्यावर बाहेरची एक मोठी टीम घ्यायचीच, असा नियम. म्हणजे दहा गेम तसेच तगडे. त्यात सप्टेंबरला ओहायो स्टेट परतीच्या गेमला ऑस्टिनला येतेय. तिकडे हरींची मंडळी वर्जिनियाचा गेम रद्द करून निवांत.

हूजर_हरी

आमचेही बिग टेनचे नऊ गेम कित्येक वर्षांपासून आहेत हो, तेव्हा तुम्ही आठवर होतात आणि नोव्हेंबरमध्ये मधेच एक कपकेक (कच्ची टीम) खात होतात.

पण प्रश्नाचं उत्तर: ओहायो स्टेटला हरवा. आकडेमोडांच्या हिशेबात तसा एक गेम जिंकला तर कुठलीतरी एक हार पचते. गेम रद्द केला तर ती सोयही गेली.

नवखा_नाना

सगळं वाचलं, बरंचसं कळलं. कमी वेळ असेल तर सप्टेंबरमध्ये नेमके कोणते गेम बघू? आणि आपल्या वेळेनुसार कधी लागतात?

बर्कलीवाले_काका

नाना, दोन वेगळ्या मोठ्या कॉन्फरन्समधले गेम शोधा, बाकीचे सोडा. टेक्सास-ओहायो स्टेट नक्की. पूर्वेकडचे दुपारी बाराचे गेम तुमच्याकडे शनिवारी रात्री साडेनऊला, जेवण आटपून बसा. संध्याकाळी साडेसातचे म्हणजे रविवारी पहाटे पाचला. नोव्हेंबरात इथली घड्याळं मागे गेली की दोन्हीत एक तास वाढवा.